खाऱ्या हवेतले ओहम

गिटार वाजवणारी दोन माणसं एका खोलीत बसली की लाकूड, तारा आणि पिकअप हे विषय अर्ध्या तासात आटोपतात. मग गाडी स्पीकरच्या बॉक्सवर येते आणि तिथेच रुतते. बॉक्समध्ये दोन स्पीकर असतील तर ते सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडायचे की पॅरललमध्ये, म्हणजे दोघांना अँप्लिफायरच्या त्याच दोन टोकांवर? सिरीजवाले सांगतात की त्यांचा आवाज मोकळा आणि थोडा सैल येतो. पॅरललवाले म्हणतात, आमचा घट्ट आणि भरीव. काहीजण नेमकं याच्या उलट सांगतात, तेही तितक्याच खात्रीने. दोन्ही बाजू एवढ्या ठाम असल्या की मला शंका येते, ही मंडळी ऐकतायत वायर आणि वाजतंय भलतंच काहीतरी.

मी वेंगुर्ल्याजवळ राहतो. गिटारच्या अँपवर बोलायला इथे माणूस मिळणं मुश्कील, पण स्पीकर जोडणारी माणसं वाडीवाडीत आहेत. दिवाळीनंतर जत्रा सुरू झाल्या की रात्रभर दशावतार, त्याआधी गणपतीत डबलबारी (भजनाचा सामना), मधूनमधून लग्नं. प्रत्येक ठिकाणी टेम्पोतून बॉक्स उतरतात, माडाला कर्णे बांधले जातात. ओहम म्हणजे करंटला होणाऱ्या विरोधाचं माप, आणि त्याचा हिशेब या लोकांना तोंडपाठ असतो. चुकला तर त्याच रात्री अँप बसतो आणि देवळासमोर जमलेलं अख्खं गाव बघत राहतं. आमच्याकडचे साऊंडवाले तात्या त्यातले जुने. मी त्यांना विचारलं होतं, सिरीज आणि पॅरललच्या आवाजात फरक असतो का? ते सोल्डरिंग करत होते. मान वर न करता म्हणाले, "वायर खय गाता रे झिला? गाता तो पुठ्ठो. वायर नुसती वाटणी करता." पुठ्ठा म्हणजे स्पीकरचा कागदी शंकू.

वाटणीचा हिशेब सोपा आहे. ८ ओहमचे दोन स्पीकर सिरीजमध्ये जोडले तर १६ ओहम होतात, पॅरललमध्ये जोडले तर ४. सिरीजमध्ये दोघांतून एकच करंट जातो आणि व्होल्टेज वाटलं जातं. पॅरललमध्ये व्होल्टेज दोघांना सारखं मिळतं आणि करंट वाटला जातो. कर्ण्यांची गोष्ट वेगळी. देवळापासून मळ्यापर्यंत लांबच लांब वायर जाते, म्हणून तिथे १०० व्होल्टची लाईन वापरतात आणि प्रत्येक कर्ण्याला मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावतात. १०० वॅट पोहोचवायला ८ ओहमच्या जोडणीत साडेतीन अँपियर करंट लागतो, १०० व्होल्टच्या लाईनवर फक्त एक. वायरमधला तोटा करंटच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे तो बाराएक पटींनी घटतो. तात्यांनी यातला वर्ग-बिर्ग कधी काढलेला नाही, पण बारीक वायरवर किती कर्णे ओढता येतात ते त्यांना पक्कं ठाऊक आहे.

आता गिटारचा अँप. तो ट्रान्झिस्टरवाला असेल तर सिरीज-पॅरललचा पहिला परिणाम टोनवर होत नाही, आवाजाच्या जोरावर होतो. ४ ओहमवर १०० वॅट देणारा अँप ८ ओहमवर ढोबळमानाने ५० देतो आणि १६ वर २५. म्हणजे तेच दोन स्पीकर पॅरललमधून काढून सिरीजमध्ये जोडले, अँपचं बटण तिथेच ठेवलं, तर आवाज ६ डेसिबलने खाली येतो. हा फरक बराच आहे. शिवाय कान हे काही सरळ मोजपट्टीचं यंत्र नव्हे. बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की आवाज कमी झाला की आपल्याला खर्जाकडचा भाग त्याहूनही जास्त कमी झाल्यासारखा वाटतो. मग 'सिरीजमध्ये बास गेला, पॅरललमध्ये आवाज भरला' हे म्हणणारा माणूस खोटं बोलत नसतो. त्याला तसंच ऐकू आलेलं असतं. वायरिंगने फक्त आवाज खाली आणला, बाकीचं काम त्याच्या कानाने केलं.

गेल्या गणपतीत डोंबिवलीहून भाचा आला होता. चाकरमान्यांबरोबर मुंबईची मतंही येतात, तसा हा पॅरललचं मत घेऊन आला. माझ्याकडे बारा इंची दोन स्पीकरांचा बॉक्स आहे, इथल्याच सुताराने केलेला. सुताराला तो फणसाच्या फळ्यांचा करायचा होता. मृदंगाचं खोड फणसाचं असतं, मग याला का नको, हा त्याचा मुद्दा. मला तो पटलाही होता, पण फळी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तडकते, म्हणून मी १८ एमएम मरीन प्लायवर अडून राहिलो. बॉक्सच्या मागे एक बदल-स्विच आहे, एकीकडे सिरीज, दुसरीकडे पॅरलल. आरती उरकली, पानं वाढायला अजून वेळ होता, तेव्हा आम्ही माडीवर ऐकायला बसलो.

आधी जुना ट्रान्झिस्टर अँप. स्विच फिरवल्याबरोबर भाचा विजयी मुद्रेने म्हणाला, "मामा, बघ!" मग मी मोबाइलवर डेसिबलचं अ‍ॅप उघडलं, सिरीजमध्ये व्हॉल्यूम वाढवून काटा पॅरललच्या बरोबरीला आणला आणि त्याला पाठ करून बसवलं. आता ओळख. तो ओळखेना. सांगायचा, पण जुगारात सांगतात तसं. मलाही ओळखता आलं नसतं. दोन्ही स्पीकर एकाच मॉडेलचे, एकाच वयाचे.

सिरीजविरुद्ध सर्रास दिला जाणारा युक्तिवाद डॅम्पिंगचा असतो. स्पीकरचा पुठ्ठा हलला की त्याला जोडलेली तारेची कॉइल चुंबकात मागेपुढे होते आणि स्वतःच थोडी वीज तयार करते. ही उलटी वीज अँपच्या वाटेने जिरली तर पुठ्ठा लगेच थांबतो. सिरीजमध्ये तिच्या वाटेत दुसरा स्पीकर आडवा येतो, म्हणून पुठ्ठा रेंगाळतो, आवाज सैल होतो, असं सांगतात. ऐकायला पटतं. पण दुसरा स्पीकरही त्याच क्षणी तितकीच उलटी वीज तयार करत असतो. दोन्ही जुळे असतील तर अर्ध्या व्होल्टेजचा हिस्सा मिळालेला प्रत्येक स्पीकर जणू स्वतंत्र अँपला जोडल्यासारखाच वागतो. आडवं येणारं काही उरत नाही. हा मुद्दा कागदावर मांडला की वाद मिटायला हवा, पण तसा तो मिटलेला मला कुठे दिसला नाही.

खरी गंमत स्पीकर जुळे नसतात तेव्हा सुरू होते. दुसऱ्या दिवशी आम्ही एक स्पीकर काढून त्या जागी वेगळ्या मॉडेलचा टाकला. दोन्हीवर छापलेलं ८ ओहमच. पण ते ८ हे नाममात्र असतं. मल्टीमीटर लावला तर साडेसहा-सातच्या आसपास दाखवतो, आणि प्रत्यक्ष वाजताना तर हा आकडा सुराप्रमाणे बदलत जातो. प्रत्येक स्पीकरची एक नैसर्गिक झुलण्याची वारंवारता असते, तिथे त्याचा ओहम उसळून पन्नासच्याही वर जाऊ शकतो. पुढे मधल्या पट्टीत तो खाली येतो आणि तारसप्तकाकडे कॉइलच्या इंडक्टन्समुळे (बदलत्या करंटला कॉइल करते तो विरोध) पुन्हा चढत जातो. गिटारच्या स्पीकरची ही झूल साधारण ७५ ते ११० हर्ट्झच्या पट्ट्यात असते, आणि गिटारची जाडी ई तार सुटी वाजवली की ८२ हर्ट्झ. म्हणजे स्पीकर ज्या जागी स्वतःहून उसळतो, नेमक्या त्याच जागी आपण अंगठ्याने तार छेडतो. बंद बॉक्समध्ये आतली हवा पुठ्ठ्याला मागून ढकलते आणि ही जागा आणखी वर सरकते.

आता असे दोन वेगळे स्पीकर सिरीजमध्ये ठेवा. करंट दोघांतून एकच, पण ज्याचा ओहम त्या सुराला जास्त, त्याच्यावर व्होल्टेज जास्त पडतं. एकाची उसळी ७५ ला आणि दुसऱ्याची १०० ला असेल, तर ७५ हर्ट्झला पहिला जवळजवळ सगळा घास पळवतो आणि १०० ला दुसरा. प्रत्येकाची खोड आणखी उठून दिसते. पॅरललमध्ये व्होल्टेज दोघांनाही पूर्ण मिळतं, त्यामुळे एकाच्या उसळीने दुसऱ्याचं ताट रिकामं होत नाही. हे आम्हाला माडीवर पाठ करूनही ऐकू आलं. सिरीजमध्ये जाड्या तारा थोड्या फुगल्या, पॅरललमध्ये जागेवर राहिल्या. भाच्याला फुगलेलंच आवडलं, हे त्याने जेवताना हळूच कबूल केलं. पॅरललवाला पक्ष तिथेच फुटला.

व्हॉल्व्हच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या अँपमध्ये आणखी एक पदर आहे. ट्रान्झिस्टर अँप स्पीकरचा ओहम बदलला तरी व्होल्टेज सहसा ढळू देत नाही. व्हॉल्व्हचा अँप तेवढा ताठ नसतो. जिथे स्पीकरचा ओहम चढतो तिथे त्याचं व्होल्टेजही चढतं. म्हणून त्याच बॉक्सवर व्हॉल्व्हचा अँप खाली थोडा घुमतो आणि वर थोडा चकाकतो. माझ्याकडे ईएल८४ व्हॉल्व्हच्या जोडीवर चालणारा पंधरा वॅटचा एक आहे, मागे ४, ८ आणि १६ अशी तीन भोकं. पॅरललचा बॉक्स ४ मध्ये, सिरीजचा १६ मध्ये घातला की आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडे व्हॉल्व्हना सारखंच ओझं दाखवतो. आवाजाचा जोर जवळपास तोच राहतो, आणि भांडणाचं अर्धं कारण तिथेच संपतं.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगायला हवी. व्हॉल्व्हचा अँप स्पीकरशिवाय कधीही चालू करू नये. ट्रान्झिस्टरला शॉर्टची भीती, व्हॉल्व्हला उघड्या टोकांची. ओझं नसलं की ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज भलतंच चढतं आणि आतल्या आत ठिणगी पडून वाइंडिंग जाऊ शकतं. सिरीज-पॅरललचा स्विच वाजवता वाजवता फिरवायचा नाही, तो याच कारणाने. आधी अँप बंद.

वायरिंगच्या पोथीतला लाडका अध्याय मार्शल या गिटार-अँपच्या कंपनीचा. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल यांचं वाद्यांचं दुकान होतं. १९६२ च्या सुमारास तिथे जेटीएम४५ हा अँप तयार झाला, तो फेंडर या अमेरिकन कंपनीच्या बेसमन अँपचं सर्किट समोर ठेवून. बेसमनमध्ये दहा इंची चार स्पीकर, ८ ओहमचे, चारही पॅरललमध्ये, म्हणजे २ ओहम, आणि पेटी मागून उघडी. मार्शलकडे सेलेशन कंपनीचे बारा इंची स्पीकर होते आणि त्यांना जेमतेम १५-२० वॅट झेपायचे. दोन लावले की फाटायचे, म्हणून चार लावले, मागून बंद पेटीत. पुढे रूढ झालेल्या पेटीत १६ ओहमचे चार स्पीकर असतात, सिरीजच्या दोन जोड्या एकमेकींना पॅरलल, म्हणजे एकूण पुन्हा १६. तेच सर्किट, दोन वेगळ्या जोडण्या, दोन अगदी वेगळे आवाज. मग श्रेय वायरिंगला का देऊ नये? कारण त्याच वेळी स्पीकरचा आकार बदलला, बनावट बदलली, पेटीची पाठ बंद झाली आणि व्हॉल्व्हही वेगळे आले. आणखी एक बारकावा मला फार आवडतो. अँपच्या आउटपुटमधून थोडा सिग्नल मागे वळवून निगेटिव्ह फीडबॅक देतात. बेसमनमध्ये तो २ ओहमच्या टोकावरून घेतलेला होता, जेटीएम४५ मध्ये १६ च्या. तेवढ्याच पॉवरला १६ च्या टोकावर व्होल्टेज २.८ पट असतं, त्यामुळे फीडबॅक तितका वाढला आणि अँप अधिक ताठ झाला. ओहम बदलल्याने टोन बदलला हे इथे खरं आहे, पण ते घडलं अँपच्या पोटात. बॉक्समधल्या वायरीचा त्यात काही हात नव्हता.

अशी सरमिसळ घरगुती चाचणीतही होते. दोन बॉक्स, दोन्ही ८ ओहमचे. एकात ४ चे दोन सिरीजमध्ये, दुसऱ्यात १६ चे दोन पॅरललमध्ये. ऐकून लोक म्हणतात, बघा, वायरिंगचा फरक! पण १६ ओहमच्या कॉइलला बारीक तारेचे जास्त वेढे असतात, ४ च्या कॉइलला जाड तारेचे कमी. कॉइलचं वजन आणि इंडक्टन्स तंतोतंत तेच राहीलच असं नाही. एकाच नावाचे स्पीकर असले तरी ते सख्खे भाऊ असतात, जुळे नव्हेत.

तात्यांना हे सगळं सांगितलं तर ते म्हणाले, "आधी प्लस-मायनस बघ, मगे काय ता बोल." यात मात्र ते शंभर टक्के बरोबर आहेत. दोन स्पीकरांपैकी एकाचे प्लस-मायनस उलटे लागले तर एक पुठ्ठा पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो. होडीत दोघे बसावेत आणि एकाने उलटं वल्हवावं तसं: पाणी खळबळतं, होडी जागच्या जागी. खर्ज जवळजवळ नाहीसा होतो, मधला भाग पोकळ वाटतो आणि वरचं तेवढं उरतं. सिरीज-पॅरललमध्ये लोक शोधतात त्याच्या कितीतरी पट हा फरक मोठा आहे. तपासायला दीड व्होल्टचा पेन्सिल सेल पुरतो: सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला क्षणभर टेकवायचा, पुठ्ठा बाहेर आला की सरळ. पुष्कळदा 'सिरीजमध्ये आवाज बारीक होतो' या तक्रारीमागे सिरीजची साखळी जोडताना उलटलेलं एक टोक असतं.

वायर कशी घ्यावी, हा प्रश्न ओहमशी बांधलेला आहे. अर्धा चौरस एमएमची वायर दहा मीटर ओढली तर जाऊन-येऊन तिचा स्वतःचा विरोध ०.७ ओहम होतो. १६ ओहमच्या बॉक्सला तो जाणवतही नाही. ४ ओहमच्या बॉक्सला ट्रान्झिस्टर अँपवर तोच जवळपास दीड डेसिबल खातो, आणि डॅम्पिंगही बिघडवतो. म्हणून पॅरलल जोडायचं तर दीड किंवा अडीचची वायर घ्यावी. गिटारची शिल्डवाली केबल स्पीकरला लावू नये, तिचा आतला तंतू फार बारीक असतो. सोनेरी टोकाच्या महागड्या केबलवर खर्च करण्याची गरज मला आजवर पटलेली नाही. विजेच्या सामानाच्या दुकानातली तांब्याची साधी वायर पुरते.

कोकणात यापुढचा शत्रू हवा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि बाराही महिने खारट वारा. पखवाजाच्या धुम्याला कणीक लावणारे पावसाळ्यात ती किती धरेल याचा अंदाज बोटानेच घेतात. स्पीकरचा पुठ्ठाही कागदच, तोही ओल धरतो. पण त्याहून लवकर बिघडतात ते सांधे. दाबून बसवायची पितळी टोकं, जॅकचा पत्रा, स्विचचे कॉन्टॅक्ट, सगळ्यांवर हिरवी-काळी पूड चढते. आवाज मधूनमधून खरखरतो, कधी तुटतो. सिरीजमध्ये एक सांधा गेला की अख्खा बॉक्स गप्प, आणि व्हॉल्व्हचा अँप उघड्या टोकांवर. पॅरललमध्ये एक गेला तर दुसरा वाजत राहतो, अँपला ४ च्या जागी ८ ओहम दिसतात, त्यावर रात्र निभावते. चार स्पीकरांच्या पेटीत तर दोन तऱ्हा आहेत. सिरीजच्या जोड्या पॅरललमध्ये असतील आणि एक कॉइल गेली, तर तिची जोडीदारीण गप्प होते, उरलेली जोडी ३२ ओहमवर वाजते. पॅरललच्या जोड्या सिरीजमध्ये असतील, तर उरलेले तिघे वाजतात, पण एकट्या पडलेल्या स्पीकरवर इतर दोघांपैकी प्रत्येकाच्या चौपट पॉवर पडते आणि थोड्या वेळाने तोही जातो. सगळे शाबूत असताना या दोन तऱ्हांत कानाला फरक सापडत नाही. एक कॉइल गेली की सापडतो.

माझ्या बॉक्समध्ये आता दोन वेगळे स्पीकर पॅरललमध्ये आहेत. सांधे सगळे सोल्डर केलेले, आणि बदल-स्विच मी काढून टाकला, कारण खाऱ्या हवेत बिघडणारा एक कॉन्टॅक्ट कमी झाला. भाच्याला त्याच्या फ्लॅटसाठी बॉक्स करून हवाय. सिरीज ठेवू की पॅरलल, असा मेसेज दर आठवड्याला येतो. मी त्याला बारा इंची एकच स्पीकर सुचवला आहे. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनाही तोच सोसेल. त्याला अजून ते पटलेलं नाही.